पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष : ‘पोकेमॉन ब्लॅक’ व ‘पोकेमॉन व्हाइट’ यांवरील मतांचा परामर्श

१

मालिकेतील नवा भाग प्रसिद्ध झाला, की त्याविषयीची मते बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरतात : जुन्यातले काय उरले, आणि नव्याने काय आले? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे मूल्यमापन पुरे झाले, असा समज रूढ आहे. वस्तुतः अशा उत्तरांतून केवळ दोन याद्या तयार होतात. ज्या मूळ कल्पनेवर मालिका उभी आहे तिच्याशी नव्या भागाने कोणते नाते जोडले, हा तिसरा प्रश्न विचारल्यावाचून त्या भागाचे कृती म्हणून मोल ठरत नाही. जपानमधील गेम फ्रीक या संस्थेने रचलेल्या पोकेमॉन या व्हिडिओ गेमच्या मालिकेतील ‘ब्लॅक’ व ‘व्हाइट’ या जोडभागाच्या बाबतीत हा तिसरा प्रश्न विशेष निकडीचा आहे. कारण या भागाने तो स्वतःच्या कथेत उघडपणे मांडला आहे.

मालिकेची मूळ कल्पना साधी आहे. सातोशी ताजिरी यांना बालपणी कीटक गोळा करण्याचा छंद होता. त्या छंदातून सुचलेला खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ या दोन आवृत्त्यांच्या रूपाने, निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात धरून खेळण्याच्या यंत्रावर अवतरला. त्यात पोकेमॉन या नावाचे १५१ काल्पनिक प्राणी होते. ते रानात शोधावयाचे, पोके बॉल नावाच्या गोळ्यात पकडावयाचे, वाढवावयाचे, परस्परांशी झुंजवावयाचे, आणि एका आवृत्तीत जे मिळत नाहीत ते दुसऱ्या आवृत्तीच्या धन्याकडून अदलाबदलीने मिळवावयाचे, असा हा क्रम आहे. पुढील प्रत्येक भागात प्रदेश बदलला व प्राण्यांची संख्या वाढली. क्रम मात्र तोच राहिला.

‘ब्लॅक’ व ‘व्हाइट’ निन्टेन्डो डीएस या यंत्रासाठी १८ सप्टेंबर २०१० रोजी जपानमध्ये व मार्च २०११ मध्ये युरोप-अमेरिकेत प्रसिद्ध झाले. जपानच्या ‘फामित्सु’ या साप्ताहिकाने त्यांना ४० पैकी ४० गुण दिले. मालिकेतील कोणत्याही भागाला तोवर हा मान मिळालेला नव्हता. दीड कोटीहून अधिक प्रतींचा खपही झाला. तरीही मालिकेच्या जुन्या चाहत्यांत या भागाविषयी तीव्र मतभेद निर्माण झाले. त्या मतांचे स्वरूप तपासणे, आणि स्तुती करणाऱ्यांच्या व दोष देणाऱ्यांच्या नजरेतून जे निसटले ते दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रतिकूल मतांपैकी दोन प्रमुख आहेत. पहिले मत प्राण्यांच्या रूपाविषयीचे. या भागात १५६ नवे प्राणी आले. त्यांपैकी ट्रबिश हा कचऱ्याच्या पिशवीसारखा, व्हॅनिलाइट हा आइस्क्रीमच्या कोनासारखा, तर क्लिंक म्हणजे एकमेकांत गुंतलेली दोन दंतचक्रे. यावरून रचनाकारांची कल्पनाशक्ती आटली, असा निष्कर्ष काढण्यात आला. हा निष्कर्ष मालिकेच्या इतिहासापुढे टिकत नाही. १९९६ च्या पहिल्या १५१ प्राण्यांतच व्होल्टॉर्ब हा नुसता चेंडू होता, मॅग्नेमाइट हा लोहचुंबक लावलेला गोळा होता, आणि ग्रायमर हा गाळाचा ढिगारा होता. निर्जीव वस्तूंना प्राणरूप देण्याची रीत मालिकेच्या आरंभापासूनची आहे. बालपणी पाहिलेले रूप स्वाभाविक वाटावे आणि प्रौढपणी पाहिलेले कृत्रिम वाटावे, यात रूपाचा दोष कमी व पाहणाऱ्याच्या वयाचा भाग अधिक असतो.

दुसरे मत अधिक विचारार्ह आहे. मुख्य कथा संपेपर्यंत जुन्या ४९३ प्राण्यांपैकी एकही या भागातील रानात भेटत नाही. जुन्या सोबत्यांना मागील भागांतून इकडे आणण्याची सोयही कथा संपल्यावरच होते. पंधरा वर्षांच्या परिचयावर उभ्या असलेल्या मालिकेने परिचयच नाकारावा, ही गोष्ट अनेकांना विश्वासघातासारखी वाटली. उलटपक्षी, हा नव्याने केलेला आरंभ आहे म्हणून त्याचे स्वागत करणारेही होते. दोन्ही पक्षांनी या निर्णयाकडे व्यापारी वा भावनिक दृष्टीने पाहिले. कथेच्या दृष्टीने त्याचा विचार क्वचितच झाला.

नवेपणाचा हा दावा सर्वांशी खराही नाही. गुहेत पूर्वी झुबॅट हे वटवाघूळ भेटे, आता वूबॅट भेटते. जिओड्यूड या दगडी प्राण्याची जागा रॉगेनरोलाने घेतली, तर मॅचॉप या बलदंड प्राण्याची टिंबरने. साम्य येथेच थांबत नाही. जिओड्यूड व मॅचॉप यांच्या कुळांत अखेरचे रूपांतर अदलाबदल केल्याखेरीज होत नसे. रॉगेनरोला व टिंबर यांच्या कुळांतही तोच नियम आहे. शब्दसंग्रह नवा आणि व्याकरण जुने, असे या १५६ प्राण्यांचे वर्णन करता येईल. ओळखीच्या चाकोरीतून अनोळखी चेहऱ्यांकडे खेळणाऱ्याला न्यावयाचे, ही ती योजना आहे. ती का केली, याचे उत्तर कथेत सापडते.

३

पूर्वीच्या भागांतील प्रदेश जपानच्या भूभागांवर बेतलेले होते. या भागातील युनोव्हा हा प्रदेश न्यू यॉर्कच्या परिसरावरून घेतलेला आहे. तेथील एका लहान गावाच्या चौकात, कथेच्या अगदी प्रारंभी, घेत्सिस नावाचा एक पुरुष जमलेल्या लोकांपुढे भाषण करतो. पोकेमॉन हे माणसांचे सोबती आहेत असे माणसे मानतात. परंतु ते पोकेमॉनना मान्य आहे काय? त्यांना मुक्त करणे हेच माणसांचे कर्तव्य नव्हे काय? असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. भाषण संपते आणि गर्दीतून एन या एकाक्षरी नावाचा तरुण पुढे येतो. त्याला पोकेमॉनची भाषा समजते. गोळ्यांत कोंडलेले प्राणी पूर्णत्वास पोहोचूच शकत नाहीत, अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा आहे.

येथे घडते ते लक्षणीय आहे. कोंबड्यांच्या वा एडक्यांच्या झुंजीविषयी कोणीही विचारी माणूस जो प्रश्न विचारील, तो या मालिकेला बाहेरून अनेकदा विचारला गेला होता. येथे तो प्रथमच आतून, आणि तोही सद्हेतूच्या पात्राच्या मुखातून विचारला गेला. शास्त्रग्रंथांच्या परंपरेत स्वतःचे मत मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे मत त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावे लागते. त्या मांडणीला पूर्वपक्ष म्हणतात. पूर्वपक्ष जितका बलवान, तितका सिद्धान्त भरीव. एन हा या मालिकेचा पूर्वपक्ष आहे, आणि तो दुबळा नाही. आपल्या तत्त्वाशी तो आचरणातही एकनिष्ठ राहतो. कथेत तो वारंवार भेटतो, आणि अखेरच्या सामन्यापूर्वीच्या प्रत्येक झुंजीत त्याच्याजवळ निराळे, त्या त्या टप्प्यावरील परिसरात आढळणारे प्राणी असतात. इतर प्रतिस्पर्ध्यांप्रमाणे तो एकाच संघाला घडवीत बसत नाही. संवादात न सांगितलेली ही गोष्ट खेळाच्या रचनेतून कळते. या भागातील हा अत्यंत सूक्ष्म असा स्वभावलेखनाचा नमुना होय.

जुन्या प्राण्यांना वगळण्याच्या निर्णयाचा अर्थ या पार्श्वभूमीवर स्पष्ट होतो. पंधरा वर्षांच्या ओळखीचा पिकाचू सोबत असता तर एनच्या प्रश्नाचे उत्तर खेळणाऱ्याने विचार न करताच दिले असते. ममत्वाने प्रश्नाला उठूच दिले नसते. सोबती परका असतो तेव्हाच त्याला विचारावेसे वाटते, की तुला येथे राहावयाचे आहे काय? चाहत्यांनी जी उणीव मानली ती या दृष्टीने पूर्वपक्षाची पूर्वअट आहे. ज्यांनी कथेची स्तुती केली आणि वगळण्याची निंदा केली, त्यांनी एकाच निर्णयाच्या दोन बाजू वेगळ्या करून पाहिल्या.

४

पूर्वपक्ष इतका समर्थ असता उत्तरपक्ष कसा आहे, याचा विचार केला म्हणजे मात्र निराशा पदरी येते. कथेने तीन उत्तरे दिली आहेत.

पहिले उत्तर प्रतिपक्षाच्या वर्तनाचे आहे. मुक्तीचा घोष करणारी टीम प्लाझ्मा ही संघटना लोकांचे प्राणी चोरते. एका प्रसंगी तिचे अनुयायी मुन्ना या निरुपद्रवी प्राण्याला लाथाही मारतात. अखेरीस असे उघड होते, की घेत्सिसला मुक्ती नकोच होती. इतरांचे प्राणी सुटावेत आणि ते बळ आपल्या एकट्याच्या हाती उरावे, हा त्याचा डाव होता. माणसांनी दुखावलेल्या पोकेमॉनच्या सहवासातच एनला वाढवून त्याने त्याचा साधन म्हणून उपयोग केला. कथानक म्हणून हा उलगडा परिणामकारक आहे. एनच्या वाड्यातील खेळण्यांनी भरलेली त्याची खोली पाहताना मन हेलावते. परंतु वक्ता दांभिक ठरल्याने त्याचे विधान असत्य ठरत नाही. घेत्सिस खोटा होता, यावरून चौकात त्याने विचारलेला प्रश्न खोटा होता असे सिद्ध होत नाही. वादात याला उत्तर म्हणत नाहीत, पळवाट म्हणतात.

दुसरे उत्तर झुंजीचे आहे. कथेच्या शिखरावर ‘ब्लॅक’मध्ये रेशिराम व ‘व्हाइट’मध्ये झेक्रोम हा पुराणप्रसिद्ध ड्रॅगन खेळणाऱ्यापुढे प्रकट होतो, दुसरा एनच्या बाजूस असतो. एक सत्याचा कैवारी, तर दुसरा आदर्शाचा. दोन तत्त्वांचा संघर्ष म्हणून ही योजना भव्य आहे. तथापि आपला ड्रॅगन पकडल्यावाचून खेळणाऱ्याला पुढे जाताच येत नाही. पकडणे योग्य की अयोग्य, हा वादविषय. आणि पकडणे हीच वादात उतरण्याची अट! जे सिद्ध करावयाचे ते येथे गृहीत धरले गेले आहे.

तिसरे उत्तर सर्वांत मोलाचे आहे, आणि त्याकडे समीक्षकांचे सर्वांत कमी लक्ष गेले. निरोप घेताना एन सांगतो, की पहिल्याच भेटीत खेळणाऱ्याच्या पोकेमॉनचे बोलणे ऐकून तो चकित झाला होता. त्या प्राण्याने आपल्या सोबत्याविषयी प्रेम व्यक्त केले होते. येथे अखेर ज्याच्याविषयी वाद चालला त्यालाच साक्षीला बोलावले आहे. तत्त्वतः हेच योग्य प्रमाण होय. परंतु ही साक्ष तपासली असता पोकळ ठरते. पहिली भेट होते तेव्हा तो प्राणी खेळणाऱ्याकडे येऊन फारसा काळ लोटलेला नसतो. पुढे खेळणाऱ्याने त्याला कसे वागविले, किती वेळा बेशुद्ध पडेपर्यंत झुंजविले, की कायमचे कोठारात टाकले, यावर एनच्या शब्दांत काहीही फरक पडत नाही. साक्ष आधीच लिहून ठेवलेली आहे.

हा दोष अपरिहार्य असता तर त्याची चर्चा निष्फळ ठरली असती. तो अपरिहार्य नव्हता. १९९९ च्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ या भागांपासून प्रत्येक पोकेमॉनच्या मैत्रीची ० ते २५५ या मर्यादेतील एक संख्या यंत्र गुप्तपणे नोंदवीत आलेले आहे. सहवासाने ती वाढते, झुंजीत बेशुद्ध पडल्याने घटते. ‘ब्लॅक’ व ‘व्हाइट’मध्येही ती आहे, वर उल्लेखिलेल्या वूबॅटचे रूपांतर ती पुरेशी वाढल्यावरच होते. म्हणजे एका वटवाघळाला पुढील रूप द्यावे की नाही हे ठरविताना खेळ ही संख्या विचारात घेतो, आणि साऱ्या कथेचा निवाडा करताना मात्र तिच्याकडे पाहत नाही. एनला खेळणाऱ्याच्या प्राण्याचे मन खरोखर ऐकू आले असते, निष्ठुर खेळणाऱ्याला निराळे उत्तर मिळाले असते, तर उत्तरपक्ष खेळणाऱ्याच्या आचरणातून उभा राहिला असता. कादंबरीला किंवा नाटकाला असाध्य असलेली ही गोष्ट या माध्यमाला साध्य होती, आणि तिचे साहित्यही हाताशी होते.

याच्या तुलनेत दुय्यम पात्रे कथेच्या प्रश्नाला अधिक प्रामाणिकपणे सामोरी जातात. खेळणाऱ्याची बालमैत्रीण बियांका हिला वाटेत कळून चुकते, की झुंजीत आपण कधीच श्रेष्ठ होणार नाही. तरी ती आपल्या प्राण्यांना सोडीत नाही. झुंजीवाचूनही नाते असू शकते, हे उत्तराचे बीज तिच्या वाटचालीत आहे. पहिला सोबती आजाराने गमावलेला अजेता अल्डर हाही बळाच्या पलीकडचे काही जाणतो. ही बीजे रुजली असती तर सिद्धान्त उभा राहिला असता. कथेने ती कडेला ठेवली.

५

जून २०१२ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘ब्लॅक २’ व ‘व्हाइट २’ या उत्तरभागांनी ही उणीव काही अंशी ओळखली असे दिसते. दोन वर्षांनंतरच्या त्या कथेत टीम प्लाझ्मा दुभंगलेली आहे. एनला मानणारा गट चोरलेल्या प्राण्यांचा सांभाळ करून ते मूळ सोबत्यांना परत देण्याच्या खटपटीत असतो. मुक्तीचा प्रश्न येथे प्रायश्चित्ताच्या प्रश्नात रूपांतरित झाला. हे पाऊल उमदे आहे. पण त्यामुळे मूळ प्रश्न विचारणारा मात्र उरला नाही.

पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘स्वोर्ड’ व ‘शील्ड’ आले. त्यांत अनेक जुने प्राणी कथा संपल्यावरही आणण्याची सोय नव्हती, आणि ‘ब्लॅक’-‘व्हाइट’च्या वेळचा आक्षेप कितीतरी मोठ्या आवाजात पुन्हा उठला. दोन्ही प्रसंगी चर्चा संख्येचीच झाली. परंतु २०१० चे वगळणे कथेच्या प्रश्नाला आवश्यक होते. २०१९ च्या वगळण्याला कथेत असे कोणतेही कारण नव्हते. केवळ याद्या ताडून पाहणाऱ्या टीकेला हा भेद दिसू शकत नाही, आणि अशा टीकेची मर्यादा याहून स्पष्ट करणारे उदाहरण सापडणे कठीण आहे.

तेव्हा ‘ब्लॅक’ व ‘व्हाइट’ यांना मालिकेतील सर्वांत धीट भाग म्हणणारे मत निम्म्याने खरे आहे. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या कृतीने स्वतःच्या पायाविषयी शंका उपस्थित करावी, आणि त्या शंकेसाठी पंधरा वर्षांचे जमविलेले ममत्व काही काळ दूर सारावे, हे धैर्य सामान्य नव्हे. पण प्रश्न विचारण्याचे धैर्य आणि उत्तराची जोखीम पत्करण्याचे धैर्य ही दोन निराळी आहेत. खेळणाऱ्याला प्रतिकूल उत्तरही मिळू शकेल अशी वाट या भागाने मोकळी ठेवली नाही. मालिकेतील पुढील कोणत्या भागाने ती मोकळी केली, तर एनचा पूर्वपक्ष त्याला आयताच मिळालेला असेल.