मैफल, मैदान आणि परतीची गाडी

रॉक संगीताच्या मोठ्या मैफलींविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते ते दोन तऱ्हांचे असते. एक वर्तमानपत्री वर्णन: दिव्यांचा झगमगाट, तरुणाईचा जल्लोष, आणि कोपऱ्यात वाहतूक कोंडीची चौकट. दुसरे संस्कृतिरक्षकांचे, आणि खेदाची गोष्ट म्हणजे कधीकधी आपल्या पुरोगामी मित्रांचेही, सुस्कारे: अंधानुकरण, चंगळवाद वगैरे. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. मैफलीला माणूस पोचतो कसा, आत कोण शिरतो, बाहेर कोण राहतो आणि रात्री घरी कोण कसा परततो, हा प्रश्न समीक्षेचा नव्हेच, असे दोघांनीही गृहीत धरलेले असते. गैरसोय ही व्यवस्थापनाची बाब आणि कला ही आस्वादाची बाब, अशी ही सोयीस्कर वाटणी आहे. ती मान्य करण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. नाट्यगृहातली पहिली रांग कोणाची, हे आपण विचारत आलो आहोत. मग पन्नास हजारांच्या मैदानालाच ते का विचारू नये?

उदाहरण म्हणून कोल्डप्ले या इंग्रजी वाद्यवृंदाच्या नवी मुंबईतील मैफली घेऊ. १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडासंकुलात त्या झाल्या. तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजी, रविवारी दुपारी, संगणकावर आणि मोबाइलवर सुरू झाली. जागा तिन्ही दिवस मिळून साधारण दीड लाख. त्यांच्यासाठी एक कोटीहून अधिक लोकांनी प्रयत्न केला, असे विक्रेत्यांनीच सांगितले. ही रांग मोठी विलक्षण आहे. तिच्यात पुढच्याची पाठ दिसत नाही, मागच्याचा धक्का लागत नाही. दिसतो तो फक्त आकडा. आपल्यापुढे इतके लाख. गिरणीच्या दारावरच्या किंवा रेशनच्या रांगेत निदान भांडण्याची सोय होती. मध्येच घुसणाऱ्याची गचांडी धरता येत असे. येथे घुसणारा यंत्राच्या आत असतो आणि त्याचा चेहरा कोणालाच ठाऊक नसतो. विक्री आटोपते न आटोपते तोच तीच तिकिटे दुसऱ्या बाजारात लाखांच्या भावाने मांडलेली दिसली. सिनेमागृहाबाहेर चार तिकिटे जास्त दराने विकणाऱ्या पोऱ्याला हवालदार कॉलर धरून नेत असे. या नव्या बाजाराला कोणता कायदा लावावा याचा मात्र निर्णय होत नाही. यासंबंधीची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. हे काम न्यायालयाचे नव्हे, कायदे करणाऱ्यांचे आणि शासनाचे, असे त्या निर्णयाचे सार होते. ते बरोबरच असेल. पण कायदे करणाऱ्यांपैकी किती जण तिकिटासाठी रांगेत उभे राहतात?

दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होते. या दरांत विकले जाते ते प्रत्यक्षात अंतर. मंचापासून किती हातांवर, खुर्चीवर की उभ्याने, स्वतंत्र प्रवेशद्वार आहे की नाही, याची ती किंमत आहे. सर्वांत मागच्या माळ्यावरून गायक करंगळीएवढा दिसतो आणि माणूस सारा वेळ पडद्याकडे पाहत राहतो. तोच पडदा २६ जानेवारीला अहमदाबादच्या मैफलीच्या थेट प्रक्षेपणात लोकांनी घरी बसून पाहिला. तर मग मागच्या माळ्यावरचा माणूस पैसे कशाचे मोजतो?

या मैफलींच्या कलाविचाराचा खरा धागा या प्रश्नात आहे, असे मला वाटते. तो पैसे मोजतो ते गर्दीचे. प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधलेला असतो. तो गाण्याबरोबर पेटतो, विझतो, रंग बदलतो. पन्नास हजार मनगटे मिळून एक दिवा होतो. पन्नास हजार गळे धृपद उचलतात तेव्हा गायक गप्प राहतो आणि त्या गप्प राहण्यालाच टाळ्या पडतात. म्हणजे श्रोता येथे केवळ श्रोता नाही. तो वाद्य आहे, कोरस आहे, रोषणाई आहे. ही सामूहिकता खोटी नाही. तिची टिंगल करणाऱ्याने एकदा तरी तीत उभे राहावे. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्या कार्यक्रमांतही गाणे असेच लोकांच्या गळ्यात जाऊन पुरे होत असे. फरक एवढाच की तेथे कोरस धरणाऱ्याला तिकीट पडत नव्हते आणि मंचापासूनच्या अंतराचा भाव ठरलेला नव्हता. येथे मात्र जो कलाकृतीचा अर्धा भाग आहे त्याच्याकडूनच तिचे मोल वसूल केले जाते, आणि त्याला पाण्याची बाटलीसुद्धा आत नेऊ दिली जात नाही.

या वाद्यवृंदाला याची थोडी जाणीव असावी. २२ नोव्हेंबर २०२४ रोजी त्यांनी दोन हजार रुपयांची काही तिकिटे जोडीजोडीने विक्रीस काढली. जागा कोठे मिळेल हे आधी सांगायचे नाही, पुढेही मिळेल, मागेही. चिठ्ठी टाकून समता आणण्याचा हा प्रयोग आहे. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण थोडक्यांचे नशीब उघडल्याने दाराची रुंदी वाढत नाही.

आता वाटेचा विचार. नेरूळ हार्बर मार्गावर आहे. बदलापूर-अंबरनाथच्या पोराला आधी ठाण्याला येऊन ट्रान्स-हार्बरची गाडी पकडावी लागते, नालासोपारा-विरारच्या पोराला अंधेरी किंवा वडाळ्यावरून फिरून यावे लागते. स्थानकावरून पुढे पायी. तिसरी मैफल मंगळवारी होती. रोजंदारीवर किंवा दुकानात काम करणाऱ्याने अर्ध्या दिवसाचा खाडा धरावा हे त्यात गृहीतच आहे. ध्वनिक्षेपकाच्या नियमानुसार रात्री दहाच्या आत गाणे संपते, आणि मग पन्नास हजार माणसे एकदम त्याच दोन-तीन रस्त्यांवर उतरतात. मोटारवाला कोंडीत अडकतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राला पत्र लिहितो. लोकलवाला हिशेब करीत असतो: एवढ्या मिनिटांत फलाट गाठला तर ठाण्याची पुढची गाडी मिळेल, नाहीतर फलाटावरच रात्र. शेवटची दोन गाणी तो अशी, घड्याळाकडे पाहत ऐकतो. मुलगी असेल तर ती ऐकतच नाही. आधीच निघालेली असते. कार्यक्रमाच्या लांबीचा आस्वाद पत्त्यावर अवलंबून असतो, हे कोणत्या सौंदर्यशास्त्रात लिहिले आहे?

हे सारे अटळ होते असे मात्र नाही. धोबी तलावाचे रंगभवन आठवावे. खुले नाट्यगृह, मरीन लाइन्स आणि व्ही. टी. दोन्ही स्थानकांपासून चालत जाण्याजोगे. द पोलिस या वाद्यवृंदाने १९८० साली तेथे मैफल केली. १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक तेथेच भरू लागला आणि आपल्याकडची पोरे आपली गिटार घेऊन मंचावर चढली. पुढे शांतता क्षेत्राचा नियम आला. इस्पितळे, शाळा, न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटर ध्वनिक्षेपक नको. नियम योग्यच आहे, रुग्णाच्या झोपेपुढे गिटार मोठी नाही. पण रंगभवन मुके झाल्यावर त्याच्या जागी स्थानकालगत, स्वस्त, सार्वजनिक असे दुसरे मैदान उभे करणे हे कोणाचेच काम ठरले नाही. मैफली शहराच्या कडेला, खाजगी क्रीडासंकुलांत गेल्या.

शासनाला या क्षेत्रात लक्ष घालता येत नाही, असेही म्हणता येणार नाही. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीला मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला; त्याला तेव्हाच्या युती सरकारने करमणूक कर माफ केला, ग्राहक संघटनेने ते न्यायालयात नेले, आणि अखेर जानेवारी २०२१ मध्ये दुसऱ्याच सरकारच्या मंत्रिमंडळाने ती माफी कायम केली. रक्कम तीन कोटींच्या वर होती. पंचवीस वर्षे शासन या एका मैफलीच्या कराचा विचार करू शकते; मैफल सुटल्यावरच्या लोकलचा विचार त्याला का करता येऊ नये?

आणि हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. ३ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे द हू या वाद्यवृंदाच्या मैफलीला, क्रमांक नसलेल्या जागांसाठी थंडीत तासन्‌तास थांबलेल्या गर्दीपुढे मोजकीच दारे उघडली गेली आणि ११ जण गुदमरून मेले. आपल्याकडे २८ ऑक्टोबर २०११ रोजी गुडगावला मंचापुढचा कठडा कोसळला, मेटॅलिकाची मैफल ऐन वेळी रद्द झाली, श्रोत्यांनी मोडतोड केली आणि आयोजकांपैकी काहींना अटक झाली. अशा वेळी ‘बेशिस्त तरुण’ हा शब्द लगेच छापला जातो. कठडा किती मजबूत होता, दारे किती होती, हे कोणी छापत नाही.

संस्कृतिरक्षकांना एक सांगायचे राहिले. हे संगीत गोऱ्या साहेबाचे नव्हे. ते अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या शेतमजुरांच्या ब्लूजमधून आणि त्यांच्या चर्चमधल्या गाण्यांतून आले. ‘हाउंड डॉग’ हे गाणे बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेने १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केले. जगाने ते १९५६ मध्ये प्रेस्लेच्या तोंडून ऐकले आणि पैसाही तिकडेच गेला. काळ्या साहित्याशी नाते सांगणाऱ्या आपल्या चळवळीला या गाण्याकडे परके म्हणून पाहता येणार नाही. वस्तीतला पोरगा कानात गिटार घालून फिरतो तेव्हा तो कोणाची नक्कल करीत नसतो. एका जुन्या ऐवजावर तो हक्क सांगत असतो. त्याला मैफलीला जाऊ नकोस म्हणणे हे आपले काम नाही. त्याच्या वतीने मागण्या मात्र कराव्या लागतील, आणि त्या अगदी साध्या आहेत. जर्मनीत अनेक मैफलींच्या तिकिटातच त्या संध्याकाळचा आगगाडी-बसचा जाण्यायेण्याचा प्रवास धरलेला असतो. कोल्डप्लेच्या अहमदाबादच्या मैफलींसाठी वांद्र्याहून विशेष गाड्या सोडता आल्या. नेरूळहून कल्याण, बदलापूर आणि विरारकडे मैफल सुटल्यावर तिकिटातच धरलेल्या लोकल सोडणे, आत पिण्याचे पाणी फुकट ठेवणे, आणि काही हजार तिकिटे स्थानकाच्या खिडकीवर, उभ्या माणसांच्या रांगेत विकणे, एवढ्या अटी परवान्यात घालण्यास रेल्वे, महापालिका आणि पोलीस यांना एका बैठकीपेक्षा जास्त वेळ लागू नये.