मागे घेतलेला हात

मन खचलेल्या माणसाला काय वाचायला द्यावं असा विषय निघाला, की व्हिक्टर फ्रँकल यांच्या ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’चं नाव येतंच. जगण्यात अर्थ सापडला तर माणूस पुष्कळ सोसू शकतो, हा त्यातला विचार मोलाचा आहे. मला मात्र त्या विचाराइतकीच सांगण्याची रीत भावते. नाझी छळछावण्यांतून सुटल्यावर, १९४५ साली, व्हिएन्नाच्या या मनोविकारतज्ज्ञाने ९ दिवसांत हे अनुभव तोंडी सांगून लिहून घेतले. पुस्तकावर आपलं नाव नको, ११९१०४ हा कैदी क्रमांक पुरे, असा त्यांचा बेत होता. स्वतःला मागे ठेवण्याची ही वृत्ती पानापानांत मुरली आहे.

सूप वाढण्याचा प्रसंग घ्या. सगळं पाणीच, तळाशी थोडे वाटाणे. पळी तळातून येते की वरवरून, याकडे भुकेल्या रांगेचा जीव लागलेला. एकच आचारी असा, की तो वाढताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही. आपला-परका त्याला कळायलाच नको! समदृष्टीवर एक शब्द न खर्चता ती इतकी नेमकी दाखवलेली मी क्वचितच वाचली आहे. आणि लगेच, आपल्या माणसांना तळातलं वाढणाऱ्यांनाही दोष देऊ नये, असं फ्रँकल सुचवतात. त्या जागी आपण काय केलं असतं हे आधी प्रामाणिकपणे स्वतःला विचारावं. नैतिक उंचीवर चढून बसण्याची संधी त्यांनी सहज सोडून दिली आहे.

मग ती रात्र. शेजारचा कैदी झोपेत कण्हतोय, तडफडतोय. भयाण स्वप्न पडलेलं दिसतंय. दुःस्वप्नात सापडलेल्यांची फ्रँकल यांना नेहमीच कणव. त्याला हलवून जागं करायला ते हात पुढे करतात आणि दचकून मागे घेतात. कुठलंही स्वप्न, कितीही भीषण असलं तरी, जागेपणी दिसणाऱ्या छावणीहून बरंच! छावणीच्या क्रौर्याची वर्णनं आपण पुष्कळ वाचलेली असतात. इथे रक्त नाही, किंकाळी नाही, नुसता अर्ध्यावर थांबलेला हात आहे. दया करायची तर झोपू द्यायचं, हा उलटा न्याय त्या एका हालचालीत मावला आहे. वाचताना माझाही श्वास तिथे अडकतो, दर वेळी.

या प्रसंगात निवेदक ‘मी’ आहे. आता पहिल्या भागाचा शेवट पाहा. सुटका झालेला एक कैदी, कुणीतरी ‘तो’, ट्रॅममध्ये बसून घरी जातो. हजारदा स्वप्नात दाबलेली दारावरची घंटा खरोखर दाबतो. दार जिने उघडायचं ती व्यक्ती आता नाही, कधीच असणार नाही. आधीच्या पानांत, गोठलेल्या पहाटे कामावर चालत जाताना, बायकोच्या आठवणीशी बोलणारा ‘मी’ आपल्याला भेटलेला असतो. इथे तो सर्वनाम बदलून बाजूला होतो. आपलं दुःख कुणाही परतलेल्या माणसाचं असू शकेल इतकी जागा त्यात ठेवतो, आणि वाचणाऱ्याचं दुःख त्या जागेत येऊन बसतं. दिलासा म्हणतात तो मला इथे मिळाला. अर्थाविषयीच्या विवेचनात त्यानंतर.

फ्रँकल यांची पत्नी टिली बर्गन-बेल्झनमध्ये मरण पावली होती. व्हिएन्नाला परतल्यावर त्यांना ते कळलं. पुस्तक त्यानंतर सांगितलेलं आहे.