परवान्याची चित्रे, जप्तीची चित्रे

लाकडी चौकटीला टांगलेल्या कॅनव्हासच्या पिशव्या, त्यांना लावलेले रबरी सड, खाली बादल्या आणि तिथे बसून दूध काढण्याचा सराव करणाऱ्या मुली. एव्हलिन डनबारने १९४० साली रंगवलेल्या एका चित्राचा हा विषय. इंग्लंडमधले तरुण सैन्यात गेले होते. शेते आणि गोठे बायकांनी सांभाळायचे होते, आणि जन्मात गाईच्या अंगाला हात न लावलेल्या मुलींना एकदम खऱ्या कासेशी बसवणे गाईलाही मानवले नसते. म्हणून ही नकली कास. तोफ किंवा शिपाई यांचा चित्रात मागमूस नाही, तरी सरकारदप्तरी त्याची नोंद युद्धचित्र म्हणूनच झाली.

पहिल्या महायुद्धातही ब्रिटनने अधिकृत चित्रकार नेमले होते; पण त्यांची गाजलेली चित्रे मुख्यतः खंदकांची, चिखलाची, जळलेल्या झाडांची. दुसऱ्या महायुद्धात आघाडी घराच्या छपरावर आली. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात जर्मन बॉम्बहल्ल्यांत ब्रिटिश शहरांतली चाळीस हजारांहून अधिक माणसे मेली. रेशनची रांग, दिवेबंदी, कारखान्यातली रात्रपाळी हे सगळे चित्रविषय झाले. हे कसे पाहायचे, कोणी पाहायचे आणि पाहिलेले कोणाला दाखवायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या काळच्या कलेत सारखी मिळत नाहीत. लंडनमध्ये एक उत्तर मिळते, आणि त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, बंगालमध्ये, दुसरेच.

लंडनचे उत्तर एका समितीने घडवले. नोव्हेंबर १९३९ मध्ये माहिती मंत्रालयाच्या छत्राखाली युद्धचित्रकार सल्लागार समिती स्थापन झाली आणि नॅशनल गॅलरीचा संचालक केनेथ क्लार्क तिचा अध्यक्ष झाला. युद्ध संपेपर्यंत चारशेहून अधिक कलावंतांची साडेपाच हजारांवर कामे समितीकडे जमली. काहींना पगार होता, काहींना एकेका चित्राचे काम मिळे, काहींची तयार चित्रे विकत घेतली जात. दस्तऐवज आणि प्रचार ही वरकरणी उद्दिष्टे होती. चित्रकारांना काम द्यावे, जेणेकरून ते मरणार नाहीत, हा आपला खरा हेतू होता, असे क्लार्कने पुढे मोकळेपणाने सांगितले. तो पुरता साधला नाही: एरिक रॅव्हिलियस, आल्बर्ट रिचर्ड्स आणि टॉमस हेनेल हे तिघे या कामावर असतानाच गेले.

समितीची आवड मध्यममार्गी होती. निखळ अमूर्त चित्रकारांना तिथे जागा नव्हती. चित्रात काहीतरी ओळखू यावे, पण ते निव्वळ फोटोसारखेही नसावे, अशी ती अपेक्षा. शिवाय बाहेर बसून रेखाटन करायला परवाना लागे, आणि तयार चित्र सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. आधुनिक कलेने या चौकटीत काय साधले, हे पाहायला हेन्री मूर हे सर्वांत चांगले उदाहरण आहे.

११ सप्टेंबर १९४० च्या रात्री मूर आणि त्याची बायको भुयारी रेल्वेने घरी परतत होते. बेलसाइझ पार्क स्टेशनच्या फलाटावर, बॉम्बच्या भीतीने आलेली कुटुंबे अंथरुणे पसरून झोपलेली त्याने पाहिली. मूर शिल्पकार. आडवी, रेलून पहुडलेली स्त्रीदेह-रूपे तो दहा वर्षे दगडात आणि लाकडात कोरत होता. आता तशा आकृत्यांच्या रांगाच त्याच्यासमोर होत्या. तो पुन्हापुन्हा खाली गेला, पण तिथे वही उघडून बसला नाही. उघड्यावर झोपलेल्या माणसांसमोर रेखाटन करणे त्याला असभ्य वाटे. कागदाच्या तुकड्यावर चार शब्द टिपायचे आणि चित्र घरी जाऊन आठवणीतून काढायचे, अशी त्याची रीत झाली.

तंत्रही त्याला मनासारखे सापडले. आधी मेणाच्या खडूने रेघा ओढायच्या, वर जलरंगाचा गडद हात फिरवायचा. मेण पाणी धरत नाही, त्यामुळे आकृत्या काळोखातून आपोआप उजळून वर येतात. मग शाईने घड्या आणि कडा पक्क्या करायच्या. लिव्हरपूल स्ट्रीटजवळच्या अर्धवट राहिलेल्या बोगद्याचे १९४१ चे चित्र आज टेट संग्रहालयात आहे. त्यात झोपलेल्यांच्या दोन रांगा बोगद्याच्या तोंडापर्यंत लहान लहान होत जातात. चेहरे जवळजवळ नाहीतच. पांघरुणे अंगाला अशी चिकटलेली आहेत की ही माणसे झोपली आहेत की पुरली आहेत, असा प्रश्न पडावा. सरकारला हव्या असलेल्या हसतमुख धीराचा इथे पत्ता नाही. मात्र रागही नाही. घाण, भांडणे आणि स्टेशनची दारे उघडावीत म्हणून लोकांनी सरकारशी घातलेला वाद या चित्रांत आत येऊ शकत नाहीत. मूरने काळ पुसून टाकला, आणि त्याबरोबर लंडनचे ते विशिष्ट हिवाळेही बरेचसे पुसले गेले.

बिल ब्रँटने १९४० मध्येच माहिती मंत्रालयासाठी त्याच आसऱ्यांचे फोटो काढले. डिसेंबर १९४२ च्या ‘लिलिपुट’ मासिकाने दोघांची कामे शेजारी शेजारी छापली. ब्रँटच्या फोटोंत बूट दिसतात, गाठोडी दिसतात, दारूच्या तळघरात पेट्यांमध्ये झोपलेली माणसे दिसतात. मूरने गाळलेला सगळा तपशील तिथे हजर आहे.

ग्रॅहम सदरलँडने माणसे जवळपास टाळलीच. त्याला दिसल्या त्या वितळून वाकलेल्या तुळया आणि लंडन सिटीतल्या एका इमारतीची कोसळलेली लिफ्ट. युद्धाआधी वेल्सच्या डोंगरांतल्या मुळांना आणि खडकांना तो जे वळण देत असे तेच आता लोखंडाला मिळाले. जॉन पायपर १५ नोव्हेंबर १९४० ला, आदल्या रात्रीच्या भीषण हल्ल्यानंतर, कॉव्हेंट्रीला पोहोचला आणि त्याने छप्पर उडालेले कॅथीड्रल रंगवले. चित्र देखणे आहे, आणि तीच त्याची अडचण आहे. जुन्या चर्चेसच्या भिंती पायपरला आधीपासून प्रिय होत्या. बॉम्बने त्याच्या आवडीच्या विषयाचे भग्नावशेष करून ठेवले. त्या शहरात त्या रात्री शेकडो माणसे मेली, हे चित्राबाहेरून कळते. उलट लेनर्ड रोझोमन स्वतः अग्निशामक दलात होता. लंडनच्या शू लेनमधली भिंत दोन जवानांवर कोसळताना त्याने पाहिली आणि १९४० मध्येच ती रंगवली. त्यात कौशल्य कमी असेल, पण चित्रकार कुठे उभा होता हे लगेच कळते.

इथे एक सूत्र हाती लागते. लंडनच्या आधुनिकांची शैली युद्धाआधीच तयार होती. युद्धाने तिला विषय पुरवला आणि शैलीने तो पचवला.

कारखान्यांच्या चित्रांत हा पाचकपणा कमी आहे. लॉरा नाइट ही आधुनिक म्हणवणारी चित्रकार नव्हती. पण वेल्समधल्या न्यूपोर्टच्या कारखान्यात बोफोर्स तोफेचा एक अवघड भाग यंत्रावर कातणारी रूबी लॉफ्टस तिने १९४३ मध्ये जशी उभी केली, तशी कामकरी बाई ब्रिटिश चित्रकलेत क्वचितच दिसते. एरवी मुरलेल्या कारागिराकडे जाणारे हे काम एकवीस वर्षांची मुलगी करत होती. चित्र वर्तमानपत्रांतून आणि पोस्टरांतून देशभर पोहोचले. तो प्रचार होता यात शंका नाही. तरी तिच्या बोटांवरची एकाग्रता खोटी म्हणता येत नाही. स्टॅन्ली स्पेन्सर क्लाइड नदीवरच्या पोर्ट ग्लासगोच्या गोदीत गेला आणि १९४० ते १९४६ या काळात जहाजबांधणीचे लांबच लांब फलक रंगवत राहिला. त्याचे वेल्डर आणि लोहार ठिणग्यांच्या उजेडात भजनाला बसल्यासारखे आपापल्या कामात बुडालेले आहेत. डनबारने मासळीच्या दुकानासमोरची रांग एका अरुंद, आडव्या पट्टीत बसवली. पिशव्या घेतलेल्या बायका एकामागे एक उभ्या आहेत आणि काहीच घडत नाही. युद्धातला बहुतेकांचा वेळ असाच गेला, आणि हे तिच्याइतके साधेपणाने कोणी मांडले नाही.

सरकारने काम दिले म्हणजे चित्र लोकांपर्यंत पोहोचेल, याची मात्र खात्री नव्हती. अमेरिकेत १९४२ मध्ये जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले गेले, तेव्हा त्याची नोंद करायला सरकारनेच डोरोथिया लँगला नेमले. तिचे फोटो इतके स्पष्ट होते की लष्कराने त्यांतले बरेचसे युद्ध संपेपर्यंत अडकवून ठेवले.

बंगालमध्ये तर कामच कोणी दिले नव्हते. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडला आणि तिथला तांदूळ बंद झाला. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनारी जिल्ह्यांतल्या नावा आणि तांदळाचे साठे काढून घेतले. ऑक्टोबरात मेदिनीपूरवर वादळ आदळले. युद्धखर्चाने भाव भडकले, साठेबाजांनी हात धुऊन घेतले, आणि युद्धाच्या उद्योगांसाठी कोलकात्याला आधी धान्य देण्याचे ठरले. १९४३ च्या या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेल्याचा अंदाज आहे. सरकारने दुष्काळ अधिकृतपणे जाहीर केला नाही. समितीचा चित्रकार अँथनी ग्रॉस त्याच वर्षी आराकानची आघाडी रेखाटत होता. बंगाल ही त्या आघाडीची पिछाडी. पण ती त्याच्या कामगिरीचा विषय नव्हती.

झैनुल आबेदिन तेव्हा कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेत शिकवत होता. ब्रह्मपुत्रेच्या काठचे हळुवार जलरंग ही त्याची ओळख. १९३८ मध्ये त्यांना सुवर्णपदकही मिळाले होते. १९४३ मध्ये त्याने जलरंग बाजूला ठेवले. बांधणीचा स्वस्त कागद घेतला आणि काळी शाई भरलेला कोरडा कुंचला खरवडल्यासारखा ओढला. पदपथावर आडवी आई, तिच्या छातीशी पोर, कचराकुंडीत हात घातलेला माणूस, वर कावळे. मूरच्या रेघा आकृतीभोवती गुंडाळतात, झैनुलच्या रेघा हाडाशी येऊन तुटतात. पार्श्वभूमी रिकामी आहे, कारण या माणसांच्या मागे काहीच उरलेले नव्हते. इथे शैलीने विषय पचवला नाही; विषयाने जुनी शैली मोडून टाकली.

चित्तप्रसाद भट्टाचार्य आणखी पुढे गेला. नोव्हेंबर १९४३ मध्ये तो मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडला. रेखाटनांखाली तो माणसाचे नाव आणि गाव लिही, कधी त्याची हकिगतही. मजकूर आणि चित्रे यांचे ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक निघाले, तेव्हा सरकारने प्रती जप्त करून जाळल्या. कुटुंबाने जपलेल्या एका प्रतीवरून दिल्ली आर्ट गॅलरीने २०११ मध्ये त्याची प्रतिकृती काढली. सुनील जाना कॅमेरा घेऊन त्याच मुलखात फिरला. चित्तगावचा तरुण सोमनाथ होर चित्तप्रसादकडे पाहून भुकेलेल्यांची चित्रे काढायला शिकला.

या कामाची वाट मुंबईतून जात होती. कम्युनिस्ट पक्षाचे ‘पीपल्स वॉर’ हे साप्ताहिक मुंबईहून निघे. जानाचे फोटो आणि चित्तप्रसादची रेखाटने त्यात छापली जात. ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेची स्थापना मे १९४३ मध्ये मुंबईतच झाली. अण्णा भाऊ साठ्यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला आणि गिरणगावातल्या श्रोत्यांपर्यंत दुष्काळ डफ-तुणतुण्यावर पोहोचला. चित्तप्रसाद १९४६ च्या सुमारास मुंबईला आला आणि पुढची बरीच वर्षे अंधेरीत राहिला.

बंगालच्या चित्रकारांना सरकारी परवाना नव्हता म्हणून ते पूर्ण मोकळे होते, असे मात्र नाही. फॅसिझमविरुद्धचे युद्ध हे लोकयुद्ध आहे, ही पक्षाची भूमिका होती. त्यामुळे ‘पीपल्स वॉर’च्या पानांवर रोख बहुधा साठेबाज आणि नोकरशाही यांच्यावर राही, खुद्द युद्धप्रयत्नाला नकार देण्याची मुभा तिथे नव्हती. पक्षाचे सचिव पूरणचंद जोशी १९४८ मध्ये बाजूला सारले गेले, आणि चित्तप्रसादही हळूहळू पक्षापासून दूर झाला. त्याची दुष्काळचित्रे टिकली ती पक्षाच्या ओळीबाहेरच्या गोष्टींमुळे: म्हाताऱ्याच्या मानेच्या शिरा, उतरंडीतली रिकामी मडकी, आणि खाली लिहिलेले ते नाव.

होरने तर विषय आयुष्यभर सोडला नाही. १९७० च्या दशकात शांतिनिकेतनात त्याने मातीच्या पाट्यावर चाकूने चिरे आणि भोके पाडली, त्यावरून साचा घेतला आणि साच्यात कागदाचा ओला लगदा दाबला. ‘वूंड्स’ या मालिकेत रंग नाही, आकृतीही नाही; पांढऱ्या कागदावर पांढऱ्याच जखमा. लंडनच्या समितीने अमूर्ताला दार बंद ठेवले होते. दुष्काळातून निघालेला हा एक रस्ता तीस वर्षांनी नेमका अमूर्तापाशी पोहोचला.

पुढे दोन्हीकडची कामे वेगवेगळ्या कपाटांत गेली. समितीची चित्रे युद्धानंतर इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आणि देशोदेशीच्या संग्रहालयांत वाटली गेली. मूरला १९४८ मध्ये व्हेनिस बिएनालेत शिल्पकलेचे पारितोषिक मिळाले. झैनुल ढाक्याला गेला आणि तिथली कलासंस्था उभी करण्यात त्याची वर्षे गेली. समीक्षाही याच वाटणीने चालत आली आहे. मूरच्या बोगद्यांबद्दल लिहिताना मेण, रेषा आणि आकार यांची चर्चा होते, तर चित्तप्रसादच्या मेदिनीपूरबद्दल लिहिताना भूमिकेची आणि करुणेची. त्यामुळे दोघांचेही अर्धेच मूल्यमापन होते. मूरचा एकही झोपलेला माणूस नावानिशी का नाही, हा प्रश्न त्याच्या रेषेइतकाच महत्त्वाचा आहे. आणि चित्तप्रसादने शाईची दाट, आडवी-उभी जाळी कुठे विणली आणि कागद कुठे कोरा सोडला, हे त्याच्या पक्षाच्या सभासदत्वाइतकेच बारकाईने पाहायला हवे.