कानातला खडा

‘हाय-फाय’ हा शब्द आपल्याकडे आता दिमाखाचा वाचक झाला आहे. लग्नही हाय-फाय असते आणि हॉटेलही. मूळ शब्द मात्र गंभीर आहे. ‘हाय फिडेलिटी’ म्हणजे उच्च कोटीची एकनिष्ठा. त्यातील ‘फिडेलिटी’ ही लॅटिन ‘फिदेस’ची नात; श्रद्धा, विश्वास, दिल्या शब्दाला जागणे या साऱ्यांसाठी सेमिनरीत आम्ही जो शब्द घोकला तोच हा. वेदीपुढे वधूवर परस्परांना वचन देतात तेही याच गुणाचे. तेव्हा ध्वनियंत्रांच्या जाहिरातीत हा शब्द दिसला की आमच्या मनात प्रश्न उभा राहतो तो असा : ही निष्ठा नेमकी कोणाशी? गायकाशी, तबकडीशी, की ऐकणाऱ्याच्या कानाशी? या तिघांचे हित एकच असते असे गृहीत धरूनच हा सारा व्यापार चालतो, आणि ते गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे.

ज्या यंत्रणेला जाणकार मंडळी ‘सारे काही उघड करणारी’ म्हणून वाखाणतात, तिचे वैशिष्ट्य थोडक्यात सांगता येते. साधा रेडिओ किंवा स्वयंपाकघरातला छोटा स्पीकर पुष्कळ गोष्टी पोटात घालतो. खालचा खर्ज त्याला पेलत नाही, वरची झिलई त्याच्यापर्यंत पोहोचत नाही; मधला स्वर तेवढा तो आपल्यापुढे ठेवतो. उत्तम यंत्रणा काहीच पोटात घालत नाही. पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने 1957 साली जो स्थिरविद्युत स्पीकर बाजारात आणला, त्यात कागदी शंकूऐवजी दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मध्ये ताणलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा होता. त्याला वजन जवळजवळ नाहीच; त्यामुळे तो ध्वनीच्या बारीकशा हालचालीलाही तत्काळ प्रतिसाद देई. त्यावर माणसाचा आवाज असा येई की लोक चकित झाले. परंतु त्याच पापुद्र्यातून फितीचे सांधेही ऐकू येऊ लागले, वादकाने पान उलटलेलेही, आणि खुर्चीची कुरकुरही. ज्यांनी अशी यंत्रणा मोठ्या हौसेने घरी आणली, त्यांच्यापैकीच काहींची तक्रार असते की, त्या दिवसापासून आपल्या संग्रहातल्या निम्म्या ध्वनिमुद्रिका ऐकवत नाहीत.

ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण तिच्यामागे थोडा इतिहास आहे. दोष दाखवणे हा काही स्पीकरांचा मूळ धर्मच आहे. बी.बी.सी.ने 1970च्या दशकात ‘एल.एस. 3/5ए’ हा चिमुकला स्पीकर घडवला तो बाह्य प्रक्षेपणाच्या गाडीत बसून काम करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी. प्रक्षेपणात काय बिघडते आहे ते त्यांना तिथल्या तिथे कळावे म्हणून. पुढे तो घराघरांत लाडका झाला. यामाहा कंपनीच्या ‘एन.एस.-10’ची गोष्ट नेमकी उलटी. 1978 साली तो घरगुती श्रवणासाठी म्हणून आला. घरांत त्याचे फारसे कौतुक झाले नाही. स्टुडिओतल्या लोकांनी मात्र त्याला उचलून धरले, कारण ध्वनिमिश्रणातली उणीव तो निर्दयपणे दाखवी. याच्यावर जे बरे वाटेल ते कोठेही बरे वाटेल, असा त्यांचा हिशेब. त्याचा आवाज कर्कश वाटे म्हणून उच्च स्वराच्या स्पीकरवर पातळ कागद चिकटवण्याची रीत पडली होती. मुद्रिते तपासणारा माणूस कथा वाचत नसतो, तो अक्षरे वाचत असतो. आणि त्याने तेच करायला हवे. प्रश्न उरतो तो रात्री जेवणानंतर कथा वाचायला बसलेल्या गृहस्थाने मुद्रितशोधकाचा चष्मा का लावावा, एवढाच.

नीतिशास्त्रात या अवस्थेला नाव आहे. लॅटिनमध्ये ‘स्क्रुपुलुस’ म्हणजे टोकदार बारीक खडा. चपलेत शिरलेल्या खड्यासारखी जी शंका पावलोपावली टोचत राहते, तिने ग्रासलेल्या सदसद्विवेकाला आमच्या गुरुजनांनी ‘स्क्रुपल’ची बाधा म्हटले. पापनिवेदनाला बसणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला अशी माणसे भेटतात. निवेदन आटोपून ती दारापर्यंत जातात आणि परत येतात. काही सांगायचे राहिले, की सांगितले ते नीट सांगितले नाही? या बाधेचे सर्वांत करुण उदाहरण म्हणजे नीतिशास्त्राचे महापंडित आणि पापनिवेदन ऐकणाऱ्यांचे आश्रयसंत आल्फोन्सस लिगोरी (1696–1787). दुसऱ्यांचे खडे काढणाऱ्या या संताला स्वतःच्या वृद्धापकाळी याच खड्याने छळले. ते उत्तम संगीतज्ञही होते. इटलीत नाताळात घरोघरी गायले जाणारे ‘तू शेंदी दाल्ले स्तेल्ले’ हे गीत त्यांचेच. ज्याच्या कानाला स्वराचा एवढा लळा, त्याच्याच मनाला शंकेचा एवढा काच! यंत्रापुढे तारा बदलत, खुर्ची वीतभर मागेपुढे सरकवत बसलेला रसिक आम्हांला या बाधेचा धाकटा भाऊ वाटतो. तो गाणे संपू देत नाही. मध्येच उठून काहीतरी तपासतो.

तथापि येथे संत इग्नेशियस लोयोला यांचे शहाणपण विसरून चालणार नाही. आध्यात्मिक साधनेवरील आपल्या ग्रंथात त्यांनी या शंकांविषयी टिपणे केली आहेत, आणि त्यांत असे म्हटले आहे की, ही टोचणी काही काळ आत्म्याला बरीच उपकारक असते. ती शुद्धी करते. ‘काही काळ’ हे शब्द महत्त्वाचे. उत्तम यंत्रणेचा खरा उपकार आम्हांला याच जातीचा वाटतो. तंबोऱ्याचेच घ्या. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढली की एका तारेतून स्वरांची अख्खी प्रभावळ निघते. किरकोळ स्पीकरवर तंबोरा हा मागे चाललेला भुंगा असतो. चांगल्या यंत्रणेवर षड्जाच्या पोटातला गंधार प्रथमच वेगळा ऐकू येतो आणि गायक कशावर उभा आहे ते उमगते. कुमार गंधर्वांसारखा गवई तंबोरे जुळवण्यावर एवढा जीव का टाकी, याचे उत्तर तेथे मिळते. क्षयाने त्यांचे एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. त्यांच्या गाण्यातला श्वास आणि त्यानंतरची ती झेप जवळून ऐकू येणे हा निव्वळ लाभ आहे. एकदा हे कानाला कळले की पुढे साध्या रेडिओवरही ते ऐकू येते, कारण आता कान स्वतःच रिकाम्या जागा भरतो.

पियानोवादक ग्लेन गूल्ड यांच्याबाबतीत मतभेद होईल. बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चे त्यांनी 1955 साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण केले, तेही एके काळी चर्च असलेल्या वास्तूतल्या स्टुडिओत, तेथेच 1981 साली पुन्हा केले, आणि पुढल्या वर्षी ते वारले. वडिलांनी पाय कापून ठेंगणी केलेली घडीची खुर्ची ते सर्वत्र बरोबर नेत, ती कुरकुरे. शिवाय वाजवताना ते गुणगुणत. ध्वनिमुद्रण करणारे या गुणगुणण्याने हैराण होत, आणि यंत्रणा जितकी स्वच्छ तितके ते अधिक स्पष्ट. पुष्कळांचा यात रसभंग होतो. आमचा होत नाही. उपासनेत शेजारचा म्हातारा हलक्या आवाजात गात असतो, त्याने कोणाची भक्ती मोडत नाही, तसेच हे. परंतु जो श्रोता ती कुरकुर मोजत बसला, त्याच्या हातून बाख निसटला हेही तितकेच खरे.

संत ऑगस्टिन यांनी ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात चर्चमधील गायनाविषयी आपली द्विधा मांडली आहे. गायिलेल्या अर्थापेक्षा गाणेच आपल्याला अधिक हलवते की काय, ही त्यांची भीती. तरी अखेर त्यांचा कौल गाण्याच्या बाजूनेच झुकतो. शब्दाची जागा गाणे घेईल असे त्यांना भय होते. आज आपण आणखी एक पायरी खाली आलो आहोत : गाण्याची जागा ध्वनी घेऊ पाहतो. यंत्रणा दाखवण्यासाठी मुद्दाम काढलेल्या ध्वनिमुद्रिका विकत मिळतात. त्यांत काच फुटते, आगगाडी डावीकडून उजवीकडे जाते आणि मध्ये थोडे संगीतही असते. या पायरीवर ऑगस्टिन यांचा कौल झुकला असता असे आम्हांला वाटत नाही.

आणि मग भीमसेन जोशी. अकरा वर्षांच्या या मुलाने अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली, आणि 1933 साली तो गदगहून घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. लाखेची तबकडी, खरखरणारी सुई, एका बाजूस जेमतेम साडेतीन मिनिटांचे गाणे. आजच्या मापाने त्या यंत्राने जवळजवळ काहीच उघड केले नव्हते. जे उघड व्हायला हवे होते तेवढे मात्र झाले, आणि एका मुलाच्या आयुष्याला ते पुरले. हाय-फायच्या कोणत्याही कैवाऱ्याने या घटनेचे उत्तर दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

जुन्या ध्वनिमुद्रणांवर मात्र या यंत्रणांमुळे एक वेगळेच संकट आले आहे. सिस्टाइन गायकवृंदातील आलेस्सांद्रो मोरेस्की हा बालपणीच आवाजासाठी अंगविच्छेद सोसलेल्या गायकांच्या परंपरेतला शेवटचा. 1902 आणि 1904 साली रोममध्ये त्याचे ध्वनिमुद्रण झाले. त्यांतल्या पहिल्या खेपेचे काम फ्रेड गाइसबर्ग आणि त्यांचे बंधू यांनी केले, आणि तेच फ्रेड गाइसबर्ग त्याच वर्षी कलकत्त्यात गौहर जानच्या गाण्यासाठी कर्णा लावून बसले. 1903 साली पोप पायस दहावे यांनी चर्चमधील उंच पट्टीचे स्वर मुलांनी गावेत असा आदेश काढला, आणि मोरेस्कीची परंपरा संपली. आज उत्तम यंत्रणेवर ती तबकडी लावली तर प्रथम खरखर ऐकू येते, मग काही वेळाने माणूस. म्हणून ती ‘स्वच्छ’ करण्याचा मोह होतो. परंतु खरखर आणि गायकाचे ‘स’, ‘श’ हे ध्वनी एकाच उंच पट्टीत राहतात; एक कापले की दुसरे मरते, आणि आवाज गोधडीआडून आल्यासारखा होतो. उलट कर्ण्याने जे टिपलेच नाही, ते कोणतेही यंत्र उघड करू शकत नाही.

हे रोमचे झाले. वसईच्या घराघरांत टू-इन-वनवर उतरवलेल्या लग्नगीतांच्या कॅसेटी आहेत, किंवा होत्या. सामवेदी, वाडवळी बोलीतल्या, म्हाताऱ्या बायांनी मांडवात गायिलेल्या. परदेशी नोकरीवरून परतलेला मुलगा भारी यंत्रणा आणतो, त्यावर आजीची कॅसेट लावतो, दोन मिनिटांत कपाळाला आठ्या घालतो आणि ती कॅसेट रद्दीत जाते. त्या यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय असे. बाया श्वासासाठी थांबल्या की कावळे आणि विहिरीवरचे इंजिन एकदम मोठे होत. ‘फारच खराब रेकॉर्डिंग’ हा त्या मुलाचा अभिप्राय तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. परंतु ज्या यंत्रणेवर तो नाक मुरडतो, त्याच यंत्रणेवर मागच्या रांगेतली बाई पुढच्या बाईहून वेगळे कडवे म्हणते आहे हे कळते. स्वयंपाकघरातल्या टेपवर ते कधीच कळले नव्हते. आमच्या मते उघड करणाऱ्या यंत्रणेचा आपल्या समाजाला यापरता मोठा उपयोग नाही, आणि नेमका तोच कोणी करत नाही.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. टेपचे हेड स्पिरिटने पुसावे. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचे हेड तिरके असेल तर आवाज दबका येतो. हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवला की व्यंजने परत येतात. प्रत काढताना कावळे आणि इंजिन जसेच्या तसे राहू द्यावेत. गाणाऱ्यांपैकी ज्या हयात आहेत त्यांना स्पीकरसमोर बसवावे. शब्द लागला नाही तर त्याच सांगतील.