संशय कुणी घ्यायचा?

मंडळी, २०२४ मधलं मालेगावचं नामको बँकेचं प्रकरण आठवा. नोकरीच्या आमिषानं तरुणांची कागदपत्रं घेऊन खाती उघडली, त्यांतून १०० कोटींहून जास्त रक्कम फिरवली, असा ईडीचा आरोप आहे.

१० लाखांवरच्या रोखीची माहिती दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला दर महिन्याला जाते. ती संगणक काढून देतो. संशयित व्यवहाराला मात्र रकमेची अटच नाही, तिथं माणूस ओळखावा लागतो. आपल्या मोंढ्यात सोयाबीन घालून आलेल्या शेतकऱ्यानं ४ लाख भरले तर नवल नाही. बेकार पोराच्या खात्यात कोटी आले तर? केवायसीसाठी म्हातारीला चार खेपा घालायला लावतात, पण फॉर्मवरचा ‘व्यवसाय’ हा रकाना पैसा आल्यावर कोण उघडून बघतो?