विमची शोध-वही: तिच्यावर किती विसंबायचं?

प्रबंध लेटेकमध्ये लिहिणार असाल, तर आज ना उद्या कुणीतरी तुम्हाला विम वापरायला सांगणारच. म्हणून त्यातल्या एका दुर्लक्षित सोयीबद्दल: जुने शोध परत काढणं.

'/' आणि वरचा बाण दाबला की मागचा शोध येतो, हे बहुतेकांना माहीत असतं. '/' नंतर दोन-तीन अक्षरं लिहून बाण दाबलात, तर त्या अक्षरांनी सुरू होणारेच शोध येतात. खरी मजा मात्र 'क्यू' आणि मग '/' दाबण्यात. सगळे जुने शोध छोट्या खिडकीत ओळीखाली ओळ उघडतात. तासभर खपून जमवलेला रेग्युलर एक्सप्रेशन तिथेच दुरुस्त करा, एंटर मारा, झालं. (बाहेर पडायच्या घाईत 'क्यू' आणि कोलन उलटसुलट दाबून अशीच खिडकी उघडते आणि नवखे घाबरतात. ती कमांडींची.)

सबस्टिट्यूट कमांडमध्ये शोधाची जागा रिकामी ठेवली की शेवटचा पॅटर्न वापरला जातो. म्हणजे आधी शोधून बघायचं, मग बदलायचं. पण मधे चुकून एखाद्या शब्दावर '*' दाबलंत, तर शेवटचा पॅटर्न तो शब्द होतो आणि बदल भलतीकडेच! त्यापेक्षा 'कंट्रोल-आर' आणि '/' दाबून पॅटर्न कमांडमध्ये आणा, वाचा, मग एंटर.

आता तक्रार. विमच्या ८व्या आवृत्तीत तयार सेटिंग २०० नोंदींची आहे. पण तुम्ही स्वतःची 'विमआरसी' फाइल केलीत, की ती तयार फाइल वाचलीच जात नाही आणि मर्यादा ५० वर येते. म्हणजे शिकायला लागलात की स्मरणशक्ती कमी! निओविम १०,००० ठेवतो. तोच शोध पुन्हा केला तर जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते. कोणत्या फाइलमध्ये शोधलं, हे तर खिडकीत दिसतच नाही.

त्यामुळे उपकरणातून आलेला डेटा विममध्ये साफ केलात आणि सहा महिन्यांनी गाईडनी "कोणत्या ओळी काढल्या?" असं विचारलं, तर या खिडकीत उत्तर मिळणार नाही. मी बदलाच्या कमांडी एका साध्या फाइलमध्ये डेटाशेजारीच ठेवते. मूळ डेटाच्या प्रतीवर 'सोर्स' कमांडने ती फाइल पुन्हा चालवता येते.