दगडातील नाव आणि भिंतीवरील अक्षर : पोलिसी हिंसेच्या निषेधाची दृश्यभाषा

रायगड जिल्ह्यातील पोलादपूर तालुक्यात उमरठ हे गाव आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर पडलेल्या तानाजी मालुसरे यांची समाधी येथे आहे. शेजारी शेलारमामांची समाधी आहे आणि तानाजींचा पुतळाही उभा आहे. या वीराची स्मृती महाराष्ट्रात दोन मार्गांनी टिकली. एक मार्ग दगडाचा, म्हणजे समाधी आणि पुतळा यांचा. दुसरा शाहिराच्या कंठाचा. तुळशीदासाचा सिंहगडचा पोवाडा हा त्याचा सर्वपरिचित नमुना होय. मृत्यूची स्मृती कोणत्या माध्यमात ठेवली जाते, आणि ते माध्यम कोणाला उपलब्ध असते, हा प्रश्न उमरठला पडत नाही. तानाजींच्या मृत्यूच्या अर्थाविषयी येथे कोणाचाही मतभेद नाही.

तो प्रश्न पडतो तो ज्यांच्या मृत्यूच्या अर्थाविषयी मतभेद आहे त्यांच्या बाबतीत. पोलिसांच्या गोळीने वा कोठडीत आलेला मृत्यू हा या प्रकारचा मृत्यू होय. गेल्या दोन दशकांत जगभर अशा मृत्यूंचा निषेध भिंतींवर रंगविला गेला आणि ‘स्ट्रीट आर्ट’, ‘ग्राफिटी’ या संज्ञा विद्यापीठीय चर्चेत रूढ झाल्या. मराठी समीक्षेने या संज्ञा बहुधा जशाच्या तशा उचलल्या. परिणामी स्प्रेच्या डब्याने काढलेले चित्र दिसले नाही की येथे अशी परंपराच नाही, असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष तपासून पाहण्याजोगा आहे.

प्रथम जिल्ह्यापुरते पाहावे. उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. १९४२ च्या सप्टेंबरात महाडमध्ये मोर्चावर गोळ्या चालल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई-न्हावाशेवा परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. या तिन्ही घटनांतील मृतांना ‘हुतात्मा’ म्हटले जाते, त्यांची स्मारके आहेत, स्मृतिदिन पाळले जातात. पहिल्या दोन घटनांत गोळी परकीय सरकारची होती, त्यामुळे स्वराज्याने स्मारक उभारणे स्वाभाविकच होते. तिसऱ्या घटनेत मात्र गोळी आपल्याच सरकारची होती. तरीही स्मारक झाले, कारण मागे संघटित शेतकरी समाज, त्याची जमीन आणि त्याचा पक्ष होता. मुंबईत २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन येथे झालेल्या गोळीबाराचेही तेच. ज्या आंदोलनावर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच आंदोलनातून १९६० मध्ये राज्य जन्मास आले आणि त्या चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले.

दगडाला जागा लागते, पैसा लागतो, परवानगी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मृत्यूचा अर्थ ठरलेला असावा लागतो. जेथे तो ठरलेला नाही तेथे भिंत येते. भिंतीवरील अक्षर हे अर्थ अद्याप न ठरलेल्या मृत्यूचे स्मारक आहे, आणि त्याचा नाशिवंतपणा याच स्थितीतून येतो.

जगातील उदाहरणे याला पुष्टी देतात. २०११ मध्ये सीरियातील दरा शहरात शाळकरी मुलांनी भिंतीवर राजवटीविरुद्ध घोषणा लिहिल्या. त्यांना पकडून त्यांचा छळ झाला आणि त्यातून उठाव भडकला. कैरोच्या मोहम्मद महमूद रस्त्यावर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पोलिसांच्या माऱ्यात अनेकांचे डोळे गेले. तेथील भिंतींवर मृतांचे चेहरे आले, सप्टेंबर २०१२ मध्ये प्रशासनाने ते रंगाखाली झाकले, चित्रकारांनी पुन्हा काढले. अधिक बोलके उदाहरण वॉशिंग्टनचे आहे. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड याचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यावर जूनमध्ये वॉशिंग्टन शहराच्या प्रशासनानेच व्हाइट हाउससमोरील रस्त्यावर ‘ब्लॅक लाइव्हज मॅटर’ ही अक्षरे प्रचंड आकारात पिवळ्या रंगाने रंगविली. शासनाने स्वतः केलेला हा निषेध कायमस्वरूपी होईल असे तेव्हा वाटले होते. मार्च २०२५ मध्ये त्याच प्रशासनाने ती अक्षरे उखडण्यास सुरुवात केली. परवानगीने आलेले अक्षर परवानगीनेच गेले.

महाराष्ट्रात भिंतीवरील लेखन नवे नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात चुना, काव आणि कुंचला ही कार्यकर्त्यांची साधने होती. पुढे हे काम पेंटरच्या हाती गेले. सिमेंटची जाहिरात, पक्षाचे चिन्ह, लसीकरणाचा संदेश, सप्त्याचे निमंत्रण हे सारे एकाच हाताने लिहिलेले असे आणि कोपऱ्यात पेंटरचे नाव असे. पोलादपूर-महाडच्या रस्त्यांवर अशा भिंती अजूनही आढळतात. त्यांवर पोलिसांविरुद्ध अक्षर सहसा सापडत नाही. याचे एक कारण भीती हे असेल. दुसरे असे की भिंत कोणाची आहे हे गावात सर्वांना ठाऊक असते. अनामिकता, जी ग्राफिटीची पहिली अट मानली जाते, ती गावात संभवतच नाही. शिवाय खाकी गणवेशातील शिपाईही अशाच एखाद्या घरातून नोकरीला गेलेला असतो.

शहरात अनामिकता शक्य आहे, परंतु तेथे कायदा आहे. महाराष्ट्र मालमत्तेचे विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ नुसार सार्वजनिक भिंतीवर विनापरवाना लिहिणे हे ‘विद्रूपण’ ठरते. दुसरीकडे परवानगीची भित्तिचित्रे बहरली. २००९ मध्ये मुंबईत तुळशी पाइप रोडची लांबलचक भिंत पालिकेच्या संमतीने नागरिकांनी रंगविली. २०१७ मध्ये ससून डॉकमध्ये मोठे कलाप्रदर्शन भरले. या उपक्रमांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. कोळी समाजाचे जगणे ससून डॉकच्या निमित्ताने अनेकांनी प्रथमच जवळून पाहिले. मात्र या चित्रांना ‘प्रतिरोधाची कला’ म्हणणे ही अतिशयोक्ती होय. सुशोभीकरण आणि निषेध यांची गल्लत मराठी नियतकालिकांत वारंवार झालेली दिसते.

या पार्श्वभूमीवर घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातील घटना दृश्यभाषेच्या अंगाने वाचली पाहिजे. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी वस्तीतील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक द्रुतगती महामार्गावर जमले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्या हुकुमाने गोळीबार केला. दहा जण मृत्युमुखी पडले. येथे आरंभच एका दृश्य कृतीने झाला आहे. चपलांचा हार हे सार्वजनिक जागेत, अनामिकाने, रात्रीच्या आडोशाने केलेले ‘लेखन’ होते. ग्राफिटीची सर्व लक्षणे त्याला लागू पडतात. फरक एवढाच की ते दुर्बलाने सबलाविरुद्ध केलेले नव्हते. विद्रूपण या शब्दाचा खरा अर्थ त्या सकाळी वस्तीला कळला, आणि तो कायद्यातील अर्थाहून वेगळा होता.

पुढील संघर्षही प्रतिमांचाच झाला. जमाव गॅसचा टँकर पेटविणार होता, असे पोलिसांनी सांगितले आणि त्यासाठी चित्रफितीचा आधार घेतला. न्या. गुंडेवार आयोगाने हे कारण ग्राह्य धरले नाही. गोळीबार असमर्थनीय ठरविला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने कदम यांना जन्मठेप सुनावली, त्यानंतर उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. अर्थ ठरण्याची ही प्रक्रिया किती लांबते ते यातून दिसते.

गोळीबारानंतर चौथ्या दिवशी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडमधील आपल्या घरी गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात गाणारे घोगरे डाव्या सांस्कृतिक चळवळीत वाढलेले होते. मरताना त्यांनी कपाळाला निळी पट्टी बांधली होती. शहिदांना वंदन करणारे आणि आंबेडकरी एकजुटीचा जयघोष करणारे शब्द त्यांनी घरात लिहून ठेवले होते. आयुष्यभर कंठाने बोललेल्या शाहिराने अखेर अक्षराचा आश्रय घेतला. लालाकडून निळ्याकडे झालेला हा प्रवास पक्षबदलासारखा वाचला जातो, ते उथळ आहे. रमाबाई नगरातील मृत कोणत्या नात्याने आपले आहेत, याचे उत्तर घोगरे शोधत होते आणि ते उत्तर त्यांनी रंगाच्या भाषेत दिले.

घरातील या अक्षरांना ग्राफिटी म्हणावे काय, असा आक्षेप येईल. तंत्रदृष्ट्या तो बरोबर आहे. रस्ता नाही, अनामिकता नाही, प्रेक्षक नाही. परंतु ज्याला रस्त्यावरील भिंत नाकारली गेली आहे त्याच्याजवळ स्वतःचे घर आणि स्वतःचे शरीर एवढाच पृष्ठभाग उरतो. आंबेडकरी वस्त्यांत दारावर, चौथऱ्यावर, समाजमंदिराच्या भिंतीवर दिसणारा निळा रंग, अशोकचक्र आणि ‘जय भीम’ ही अक्षरे याच अर्थाने वाचली पाहिजेत. तेथे लेखक लपलेला नसतो. उलट आपण कोण आहोत हे सांगण्यासाठीच तो लिहितो. पाश्चात्त्य ग्राफिटीविचारातील अनामिक बंडखोराची कल्पना येथे अपुरी पडते.

पटवर्धन यांनी या प्रसंगापासून चौदा वर्षे काम करून २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण केला. चित्रपटाचे सामर्थ्य त्याच्या संयमात आहे. पोलिसांच्या चित्रफितीतील टँकर आणि गोळीबाराची जागा यांचा मेळ तो शांतपणे तपासतो, आणि मग वस्त्यांतील गाणी ऐकत राहतो. त्याची मर्यादा अशी की गाण्याकडे कान देताना भिंतीकडे त्याचे लक्ष पार्श्वभूमीपुरतेच जाते. कबीर कला मंचाच्या गायकांमागील भिंतींवर काय लिहिले आहे, कोणी व कधी लिहिले, हे प्रेक्षकाला कळत नाही. शाहिरी ही कला आणि भिंत हे नेपथ्य, ही जुनी विभागणी चित्रपटानेही पाळली आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत हाच क्रम वेगळ्या रूपात आला. १० तारखेला डॉ. आंबेडकर पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी धरपकड केली, आणि अटकेतील विधी शाखेचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला व सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. या वेळी निषेधाचे माध्यम मुख्यतः फ्लेक्स होते. पेंटरच्या कुंचल्याची जागा त्याने केव्हाच घेतली आहे. छायाचित्र, नाव, मागणी आणि खाली निवेदकांची नावे, असा त्याचा ठरीव साचा असतो. तो एका रात्रीत छापून मिळतो आणि अनधिकृत ठरवून तितक्याच लवकर उतरविला जातो, बहुधा १९९५ च्या त्याच अधिनियमाखाली. भिंतीवर रंगाचा पुसट थर तरी मागे राहत असे. उतरविलेल्या फ्लेक्सच्या जागी लाकडी चौकट उरते आणि पुढच्या आठवड्यात तिच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा लागतात.